पाण्यावर वाजणारा डबा: वावरातल्या प्रश्नावरून स्टेम शिकवताना

विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तेच पाहुणे येतात. खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, सिरिंजवर चालणारा जेसीबी, थर्माकोलवर रंगवलेलं जलपुनर्भरण. मॉडेलं वाईट नसतात, पण मुलाने स्वतः ठरवावं असं त्यांत काही उरलेलं नसतं. कोणता भाग कुठे चिकटवायचा ते व्हिडिओत दिसतं, तसं केलं की चालतं, नाही चाललं तर फेविक्विक आहेच. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या चारही खणांत खूण करता येते म्हणून हे स्टेम म्हणून खपतं. डोकं मात्र दुसऱ्या कोणीतरी आधीच चालवलेलं असतं.

समस्येवरून शिकवणं याच्या उलट्या टोकाने सुरू होतं. आधी अडचण समोर ठेवायची, मग ती सोडवताना जे लागेल ते शिकायचं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये आपलं वैद्यकीय शिक्षणच या रीतीने सुरू केलं. विद्यार्थ्यांसमोर सुरुवातीपासून रुग्णाची तक्रार ठेवायची आणि शरीररचना, औषधं हे सगळं त्या तक्रारीच्या मागे मागे यायचं. विदर्भाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला, आणि टकळी, चरखा, शेती यांच्याभोवती बाकीचे विषय गुंफायचं ठरलं. नयी तालीम ती हीच. तिची एक मर्यादा मात्र लक्षात घ्यावी. टकळीवर सूत कसं काढायचं ते आधीच ठरलेलं असतं, आणि वेगळ्या रीतीने काढून बघायला फारसा वाव नसतो. सर्जनशील विचार त्या वावातूनच येतो, आणि तो वाव शिक्षकाला प्रश्नातच ठेवावा लागतो.

प्रश्न बेतणं

पद्धत फसते ती बहुतेक वेळा इथे, फळ्यावर प्रश्न लिहितानाच. 'शेतीसाठी तंत्रज्ञान' हा विषय झाला, प्रश्न नाही. त्यावर मुलं तक्ता रंगवून आणतील. 'घरच्या सोयाबीनची उगवणक्षमता तपासा' हा छान प्रयोग आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आठव्या दिवशी चांगले मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर हेक्टरी ७५ किलोचं नेहमीचं प्रमाण, कमी निघाले तर त्या मानाने बियाणं वाढवायचं. उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी गावातल्या प्रत्येक शाळेने हा करावाच. पण त्याची रीत एक आणि उत्तरही एक. त्यातून काटेकोरपणा येतो, कल्पकता येत नाही. दोन्ही लागतात, फक्त एकाच्या नावावर दुसरं खपवू नये.

कापड अंगावर बेतावं तसा प्रश्न वर्गावर बेतावा लागतो. सातवी-आठवीसाठी रब्बीच्या दिवसांतला एक प्रश्न घेऊ. फळ्यावर तो असा लिहावा:

"हरभरा उभा आहे. रात्री रोही आणि रानडुकरं येतात. वावरात वीज नाही. रात्री आठ ते सकाळी सहा, कोणी जागलीला न जाता, जनावरं एक एकरापासून लांब राहतील असं काहीतरी करा. खर्च २०० रुपयांच्या आत. जनावराला किंवा माणसाला इजा होता कामा नये."

(रोही म्हणजे नीलगाय.) यातलं प्रत्येक वाक्य काहीतरी काम करतं. 'वीज नाही' म्हटल्यावर बाजारातला भोंगा आणून लावायची वाट बंद होते. 'जागलीला न जाता' म्हटल्यावर यंत्राला रात्रभर स्वतःहून चालावं लागतं, म्हणजे ऊर्जा कुठून येणार हा प्रश्न मुलांच्याच तोंडून निघतो. '२०० रुपये' म्हटल्यावर भंगार, जुन्या ठिबकच्या नळ्या, सायकलचे आरे आठवायला लागतात. आणि 'एक एकर' म्हटल्यावर गणित सुरू होतं. ४०४७ चौरस मीटर, चौरस धरला तर बाजू जवळजवळ ६४ मीटर, परीघ २५४ मीटर. जुन्या साड्यांचं कुंपण करू म्हणणारा गट इथेच वहीत मांडतो: एक साडी साडेपाच मीटर, म्हणजे ४७ साड्या. एवढ्या साड्या कोणाच्या घरातून येणार हा पुढचा प्रश्न शिक्षकाने विचारायची गरज पडत नाही.

मर्यादा घातल्या की मुलांची कल्पकता आखडेल अशी भीती अनेकांना वाटते. होतं उलट. 'काहीही बनवा' म्हटलं की वर्ग टीव्हीत पाहिलेला रोबो काढतो.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र काही गोष्टी मोकळ्या सोडायच्या नाहीत, त्या पहिल्याच तासाला फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवाव्यात. कुंपणाच्या तारेत लाइनचा करंट सोडायचा नाही. त्याने जनावरं मरतात, माणसंही मरतात, आणि तो गुन्हा आहे. फटाके नाहीत. मुलांनी पहाटे किंवा अंधार पडल्यावर वावरात जायचं नाही. मांडणी दिवसा, घरच्या मोठ्या माणसासोबत. चंद्रपूर-गडचिरोलीकडे किंवा जंगलाला लागून असलेल्या कोणत्याही गावात वाघ-बिबट्याची वर्दळ असेल तर वावरातली चाचणी सोडून द्यावी आणि सगळं शाळेच्या आवारात करावं. शिकण्यात त्याने फार कमी पडतं.

पहिली दहा मिनिटं गप्प

कल्पना काढायला गट पाडून 'चर्चा करा' म्हणायचं, ही सवय मोडावी. गटात एक जण बोलला की बाकीचे त्याच्याच मागे जातात. १९५८ मध्ये येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी हे तपासलं. एकत्र बसून विचार करणाऱ्या गटापेक्षा तेवढ्याच माणसांनी एकेकट्याने काढलेल्या कल्पना एकत्र केल्यावर जास्त भरल्या. म्हणून पहिली दहा मिनिटं प्रत्येकाने एकट्याने, न बोलता, कागदावर चित्रं काढायची. शब्दांची सक्ती नको. वऱ्हाडी, कोरकू, गोंडी, कोलामी बोलणाऱ्या मुलाला चित्राच्या बाजूला घरच्या भाषेत दोन शब्द लिहू द्यावेत. पुस्तकी मराठीचं ओझं उतरलं की चित्रात तपशील वाढतात.

मग चार-चारचे गट. पाचवा आला की एक जण नुसता बघतो. गटातली कामं दर तासाला फिरवायची: जोडणारा, मोजणारा, लिहिणारा, सामान सांभाळणारा. न फिरवल्यास लिहायचं काम मुलींकडे आणि पेचकस मुलांकडे जातो. हे आपोआप होतं, म्हणून मुद्दाम मोडावं लागतं.

शिक्षकाने तयार नमुना दाखवू नये. यालाही आधार आहे: जॅन्सन आणि स्मिथ यांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं की नमुना पाहिलेले अभियंते त्यातले दोषसुद्धा उचलतात. नमुना नाही, पण सामान मांडून ठेवावं. टेबलावर एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या, ठिबकच्या १६ मिमीच्या नळीचे (लॅटरलचे) तुकडे, ठिबकचीच बारीक नळी (मायक्रोट्यूब), तेलाचा रिकामा पिपा, सायकलचे आरे, लाकडी पट्ट्या, बांधायची तार, नट-बोल्ट, जुन्या सीडी-चकत्या. सलाइनची वापरलेली नळी मात्र दवाखान्यातून आणू देऊ नये.

पहिल्या फेरीत बहुतेक चिठ्ठ्यांवर बुजगावणं, कुत्रा, घंटा येतात. त्या फळ्यावर लिहिताना शिक्षकाने प्रकार पाडावेत: आवाज, उजेड, वास, अडथळा, राखणदार. एखादा खण रिकामा दिसला की मुलंच तो भरायला धावतात. 'आणखी कल्पना काढा' म्हणण्यापेक्षा रिकामा खण दाखवणं जास्त काम करतं.

बाटली, पट्टी आणि पिपा

वीज नाही आणि माणूस नाही म्हटल्यावर एखादा तरी गट पाण्याकडे वळतो. थेंब थेंब पाणी बाटलीत भरायचं, बाटली जड झाली की कलंडायची, रिकामी झाली की परत येऊन डब्यावर आदळायची. हे यंत्र शिक्षकाने घरी एकदा करून पाहावं आणि वर्गात त्याबद्दल एक शब्द काढू नये. अडचणी कुठे येतात हे माहीत असलं म्हणजे योग्य वेळी योग्य प्रश्न विचारता येतो.

साधारण बांधणी अशी. ५०-६० सेंटिमीटरची लाकडी पट्टी, तिला सायकलच्या आऱ्याचा आस. पुढच्या बाजूला बाटली, मागे नट-बोल्टचं वजन. वजनाखाली तेलाचा पिपा. पट्टी मोकळी असताना मागची बाजू पिप्यावर टेकलेली आणि बाटलीची बाजू किंचित वर.

मुलं पहिल्यांदा बाटली उभी बांधतात, पेला धरावा तशी. पाणी भरत जातं, पट्टी हळूहळू झुकते, थोडं पाणी सांडतं आणि पट्टी मध्येच थांबते. वरून जेवढं येतं तेवढं सांडत राहतं. "सर, मधातच अटकते जी" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक गटाकडून येणार, हे धरून चालावं. पट्टी आडकते कारण दोन्ही बाजूंचे घुमाव (वजन गुणिले आसापासूनचं अंतर) जिथे सारखे होतात तिथे ती समतोल शोधते, आणि सांडणारं पाणी तो समतोल मोडू देत नाही.

उत्तर बाटली आडवी करण्यात आहे. बाटली पट्टीच्या लांबीने आडवी बांधायची, वरच्या अंगाला लांब खिडकी कापायची, तोंडाकडचा भाग तिरका छाटायचा. बाटलीचा पुढचा भाग वर असल्याने सुरुवातीला पाणी मागे, आसाजवळ साचतं. पातळी वाढत पुढे सरकते. पट्टी जराशी झुकली की सगळं पाणी एकदम पुढे धावतं, आसापासून लांब जातं, आणि घुमाव अचानक वाढतो. पट्टी झटक्याने पडते, पाणी ओततं, मागचं वजन परत येऊन पिप्यावर टोला देतं. आस पट्टीच्या वरच्या कडेला न ठेवता खालच्या कडेला ठेवला तर झटका आणखी चांगला बसतो, कारण गुरुत्वमध्य आसाच्या वर राहतो आणि पट्टी मध्ये तरंगत बसत नाही.

हे उत्तर सांगायचं कधी? इथे शिक्षणशास्त्रात दोन बाजू आहेत. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये ठासून मांडलं की नवख्या मुलाला मार्गदर्शनाशिवाय सोडलं तर तो भरकटतो. मनू कपूर यांनी २००८ पासून दाखवलं की आधी स्वतः झगडून फसलेल्या मुलाला नंतरचं शिकवणं जास्त खोल जातं. वर्गात दोन्ही खरं ठरतं, वेळ सांभाळली तर. पट्टी आडकल्यावर एक अख्खी तासिका मुलांना झगडू द्यावी. दुसऱ्या तासिकेच्या सुरुवातीला घुमाव हा धडा फळ्यावर नीट, पाठ्यपुस्तकासारखा शिकवावा. तिसऱ्यापर्यंत ताणलं तर उत्साही गटही बाटलीत मासे पाळायला लागतो.

घुमावाचं गणित इथे खेळणं न राहता गरज बनतं. २५० मिली पाण्यावर पट्टी पडायला हवी आणि पाण्याचं वजन आसापासून सरासरी ८ सेंटिमीटरवर आहे. २५० गुणिले ८ म्हणजे २०००. मागचं वजन २० सेंटिमीटरवर असेल तर १०० ग्रॅम पुरतं. पट्टी आणि बाटलीचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही, म्हणून प्रत्यक्षात आकडा हलतो. तो किती आणि का हलला हे शोधणं आठवीला झेपतं. वजनं पोषण आहाराच्या काट्यावर करावीत.

आता वेळ. वीस लिटरचा पाण्याचा जार, २५० मिलीला एक टोला, म्हणजे ८० टोले. दहा तासांत बसवायचे तर साडेसात मिनिटांना एक. धार हवी ताशी दोन लिटर, मिनिटाला ३३ मिली. ठिबकचं ताशी ४ लिटरचं ड्रिपर (थेंब सोडणारी तोटी) लावलं की काम झालं असं मुलांना वाटतं. पण ते ४ लिटर साधारण एक बार दाबाला मिळतात, आणि एक मीटर उंचीचं पाणी देतं फक्त ०.१ बार. साध्या ड्रिपरमधून मग तासाला सव्वा लिटरच्या आसपास निघतं. दाब सांभाळणारं ड्रिपर असेल तर एवढ्या कमी दाबाला ते नीट चालतच नाही. मोजायला काही लागत नाही, औषधाचं मापाचं झाकण आणि मोबाइलचं घड्याळ पुरे.

पुढची अडचण रात्र सरते तशी येते. जारमधलं पाणी कमी होतं, तशी धार बारीक होते आणि टोले लांबत जातात. छिद्राजवळ पाण्याची उंची चाळीसवरून दहा सेंटिमीटरवर आली की धार निम्मी होते, कारण ती उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. लांब बारीक मायक्रोट्यूब असेल तर त्याहून जास्त घटते. नेमकी पहाटे, जनावरं यायच्या वेळी, डबा गप्प. मुलांनी दर तासाला दोन टोल्यांमधला वेळ लिहून आलेख काढला की हे डोळ्यांना दिसतं. इथे कल्पकतेला खरा वाव आहे, कारण उत्तरं निदान तीन आहेत. एक, जार उंचावर ठेवून नळीचं तोंड १.२ मीटर खाली न्यायचं. मग उंची १६० वरून १३० सेंटिमीटर होते आणि धार जेमतेम दहा टक्क्यांनी घटते. दोन, जारचं झाकण हवाबंद करून त्यातून एक नळी तळाजवळ सोडायची, म्हणजे हवा फक्त तिथून शिरते आणि पाणी नळीच्या टोकाच्या खाली जाईपर्यंत धार एकसारखी राहते. झाकण जरा जरी गळकं असलं तर हे फसतं, एम-सील लावून रात्रभर सुकू द्यावं. तीन, रुंद टोपल्यासारखं उथळ भांडं, ज्यात पातळी फारशी खाली जातच नाही. कोणता गट कुठे जातो ते बघावं, तिन्ही सांगून टाकू नयेत.

एकसारख्या आवाजाला जनावर लवकर सरावतं. एकाच वेळाने वाजणाऱ्या डब्याखाली रोही चरू लागले तर नवल नाही. मग दोन बाटल्या, वेगवेगळ्या मापाच्या. एक सहा मिनिटांनी आणि दुसरी आठ मिनिटांनी वाजली तर दर २४ मिनिटांनी दोन्ही एकदम वाजतात. सात आणि अकरा घेतले तर ७७. हा लसावि आहे हे सहावीचं पोरगंही ओळखतं. पाण्याचा खर्च मात्र दुपटीवर जातो, म्हणून माप लहान करावं लागतं, मग टोला हलका पडतो. एक सोडवलं की दुसरं उघडं पडतं, आणि तडजोड मुलांनाच करावी लागते.

आवाजाबद्दल दोन गोष्टी. पिपा जमिनीवर सपाट ठेवला तर आवाज दबतो, दोन विटांच्या कडांवर टेकवला किंवा टांगला तर घुमतो. लाकडाच्या टोकापेक्षा लोखंडी बोल्टचा टोला लांब जातो. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. एका मीटरपासून ६४ मीटरपर्यंत सहा दुपटी, म्हणजे ३६ डेसिबल गेले. पिक असेल तर आणखी. म्हणून डबा धुऱ्यावर ठेवण्यापेक्षा वावराच्या मध्यावर ठेवला की लांबचा कोपरा ४५ मीटरवर येतो. मोबाइलचं ध्वनिमापक ॲप तुलनेपुरतं वापरावं, त्याचा आकडा खरा धरू नये.

काही किरकोळ आजार: विहिरीचं पाणी असेल तर तोटी गाळाने तुंबते, तोंडाला जुन्या बनियनचं दुहेरी कापड बांधावं. खारपाणपट्ट्यात ड्रिपरवर क्षार बसतात, आठवड्यातून एकदा लिंबाच्या रसात भिजवावं. वाऱ्याने रिकामी पट्टी हलते, वजन पाच-दहा ग्रॅमने वाढवलं की थांबते.

जमलं की नाही हे कसं ठरवायचं? 'काका म्हणाले फरक पडला' याला मोजमाप म्हणत नाहीत. वावराच्या दोन बाजूंना एक-एक मीटर रुंदीची पट्टी डवरून भुसभुशीत करायची. एका बाजूजवळ डबा, दुसरी मोकळी. सकाळी उजाडल्यावर मालकाने खुरांचे ठसे मोजून पट्टी पुन्हा सारखी करायची. आठवड्याने डबा बाजू बदलतो. बाजू न बदलता काढलेला निष्कर्ष फोल असतो, कारण जनावरांच्या येण्याच्या वाटाच एका बाजूला असतात.

गुण कशाला द्यायचे

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉरन्स यांनी १९६६ मध्ये सर्जनशील विचाराच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यांतली चार मापं वर्गात सहज वापरता येतात: किती कल्पना, किती प्रकारच्या, किती वेगळ्या, किती तपशिलाने. एका गटाने बारा कल्पना काढल्या पण बाराही आवाजाच्या, तर संख्येला बारा आणि प्रकारांना एक. दुसऱ्या गटाच्या पाचच, पण आवाज, वास, अडथळा आणि पिकाची जागा बदलणं अशा चार खणांत, तर तो पुढे. वेगळेपण वर्गाच्या मापाने ठरवावं. चाळीसपैकी दोघांनीच विचार केला असेल तर ती कल्पना वेगळी, मग ती जगात कुठे आधी झालेली असो.

नुसत्या वेगळेपणाला गुण दिले की मुलं ड्रोन आणि लेझर काढायला लागतात. म्हणून वेगळेपणाचे गुण तेव्हाच, जेव्हा वस्तू २०० रुपयांत, दहा तासांपैकी निदान एक तास चालून दाखवते. आणि निम्मे गुण प्रयोगवहीला. वहीत चार रकाने: काय बदललं, का बदललं, काय झालं, पुढे काय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ज्या गटाचा डबा शेवटपर्यंत वाजला नाही पण वहीत सात बदल कारणांसह लिहिलेले आहेत, त्याला वाजलेल्या गटाइतके गुण मिळायला हवेत. हे आधी जाहीर केलं नाही तर दुसऱ्याचं बघून बांधलेले सहा सारखे डबे येतात.

शिक्षकाने तोंडात ठेवायचे प्रश्नही थोडेच: हे मोजशील कसं? कशाने थांबलं असेल? हीच गोष्ट दुसऱ्या कशाला कामी येईल का? शेवटच्या प्रश्नाचं एक सुंदर उत्तर या यंत्रातच आहे. ठरलेल्या मापाला कलंडणारी बाटली म्हणजे पर्जन्यमापक. हवामान केंद्रांतली कलंडत्या बादलीची पर्जन्यमापकं याच तत्त्वावर टोले मोजतात. जुलैत तीच पट्टी बाहेर काढायची, वर नरसाळं लावायचं आणि नरसाळ्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळावरून एका टोल्याला किती मिलिमीटर पाऊस ते काढायचं.

दुसरा प्रश्न, पत्र्याखालचा

ज्या शाळेला टिनाचं छप्पर आहे तिला मार्चमध्ये वेगळा प्रश्न शोधायला नको. 'दुपारी दोनला वर्गातलं तापमान निदान तीन अंशांनी उतरवा, छपराला भोक न पाडता, ५०० रुपयांत.' अख्ख्या छपरावर प्रयोग करण्याआधी बुटांचे सारखे चार खोके घ्यायचे, वर पत्र्याचे सारखे तुकडे. एक उघडा, एक चुन्याने रंगवलेला, एकावर पाच सेंटिमीटर तुराट्यांचा किंवा पऱ्हाटीचा थर, एकावर ओलं पोतं. आत थर्मामीटर, दर दहा मिनिटांनी नोंद.

बहुतेक खोके चुकीचा आकडा देतात आणि त्याचं कारण थर्मामीटर असतो. तो तापलेल्या पत्र्याकडे उघडा असला तर हवेचं नाही, पत्र्याच्या उष्णतेचं तापमान दाखवतो. वर कागदाची छोटी टोपी करावी. चारही थर्मामीटर आधी एकाच ग्लासातल्या पाण्यात बुडवून आपसातला फरक लिहून ठेवावा, एक-दीड अंशाचा फरक निघाला तरी दचकू नये.

ओलं पोतं एप्रिलमध्ये बहुधा जिंकतं, आणि मुलं तिथेच थांबतात. त्यांना पुढचा प्रश्न द्यावा: ऑगस्टमध्ये काय? थर्मामीटरच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळून पंख्यासमोर धरलं की बाष्पीभवनाने हवा कुठवर थंड होऊ शकते ते कळतं. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना हा आकडा २४ च्या आसपास येतो, म्हणजे १८ अंशांचा वाव. ३० अंश आणि ८० टक्क्यांना तो २७, वाव तीनच अंशांचा. घरचा कूलर पावसाळ्यात नुसता दमट वारा का फेकतो याचं उत्तर तिथेच मिळतं. पोत्यामुळे पत्रा गंजतो, ओलं वजन जुन्या वाशांवर येतं. तुराट्यांत उंदीर आणि त्यांच्यामागे साप येतो, शिवाय आगीची भीती. चुना पहिल्या पावसात उतरतो, धूळ बसली की परावर्तनही घटतं. यातलं काय पत्करायचं हे गटाने आकड्यांनिशी मांडायचं, आणि मुख्याध्यापकांसमोर मांडायचं, कारण छपराचा निर्णय त्यांचा.

दोन्ही प्रश्नांना प्रत्येकी सहा ते आठ तासिका लागतात. शनिवारच्या दोन जोडून मिळाल्या तर जोडणी एका बैठकीत होते, नाहीतर अर्धा वेळ सामान काढण्या-ठेवण्यात जातो. प्रत्येक गटाचं सामान नाव घातलेल्या खोक्यात ठेवावं, आणि बाटल्या वर्गात, उन्हात नाही. उन्हात राहिलेलं प्लास्टिक कापताना तडकतं.

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे पर्जन्यमापकासाठी वेळ कमी मिळतो. नरसाळं आणि पट्टी मागच्या सत्रातच तयार असावी. रोह्यांचा प्रश्न हरभरा, तूर उभी असताना, नोव्हेंबर-डिसेंबरात घ्यावा. पत्र्याचे खोके मात्र फेब्रुवारीतच जुळवून ठेवा. सकाळची शाळा सुरू झाली की दुपारी दोनचं तापमान घ्यायला वर्गात कोणी नसतं.